तुम्ही विचारलंत म्हणून: विषाची गाठ बाटलीत वाढते, मग साप कशाला?

नागपंचमी जवळ आली की मला बोलावणी येतात, कधी करवीर तालुक्यातली शाळा, कधी पन्हाळ्याकडची, झूऑलॉजी शिकवते म्हणजे सापांवर बोलायला हीच बाई. आणि शेवटी हल्ली एक प्रश्न ठरलेलाच. परवा एका आजोबांनी विचारला तो तसाच देते, "मॅडम, परदेशात सापाची विषाची गाठ म्हणं बाटलीत वाढवत्यात, मग आता साप धराय नको आन् घोड्यास्नी टोचाय बी नको, इंजेक्शन स्वस्त हुणार न्हवं?" व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं असतं कुणालातरी. पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणून उत्तर जरा लांबतं.

नेदरलँड्समधल्या उट्रेक्टला हान्स क्लेव्हर्स या शास्त्रज्ञांच्या लॅबने २००९ मध्ये उंदराच्या आतड्यातल्या स्टेम सेलपासून (नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी) डिशमध्ये आतड्याची इवलीशी प्रतिकृती वाढवून दाखवली होती. तिला ऑर्गनॉइड म्हणतात, मी वर्गात अवयवाचं पिल्लू म्हणते. पुढे माणसाचं यकृत, आतडं, बरंच काही झालं, पण जवळजवळ सगळं सस्तन प्राण्यांचं. मग तिथल्याच पीएचडी करणाऱ्या पोरांच्या डोक्यात आलं की सापाचं होईल का? आफ्रिकेतल्या केप कोरल सापाची अंडी मिळवली, आतल्या पिल्लाची विषग्रंथी काढली, तुकडे केले, जेलमध्ये बसवले, आणि पेशी वाढल्या की! २०२० च्या जानेवारीत शोधनिबंध आला, एकूण ९ जातींच्या सापांचं जमलं होतं. गंमत म्हणजे पेशींना खाऊ घातला तो सस्तन प्राण्यांच्या कामात वापरतात तसलाच, माणूस आणि साप यांचे पूर्वज वेगळे होऊन ३० कोटी वर्षांच्या वर झालीत तरी चाललं. फक्त इन्क्युबेटर ३७ ऐवजी ३२ डिग्रीला ठेवावा लागला.

हे ३२ वाचून मी कपाळाला हात लावला. कारण आमच्या कॉलेजात मी पालीच्या गळून पडलेल्या शेपटीपासून साध्या पेशी वाढवायचा खटाटोप केला होता (ऑर्गनॉइड बिर्गनॉइड काही नाही, नुसत्या कातडीखालच्या पेशी) आणि सवयीने ३७ ला ठेवल्या. दोन दिवसात गोल गोल होऊन तरंगायला लागल्या. ३० ला आणल्यावर चिकटल्या, हातपाय पसरल्यासारख्या लांब झाल्या, मी एवढी खूश की शिपाईमामांना बोलावून दाखवल्या. मग जुलै आला. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहितीये, भिंतींना घाम, लाइट जायची, आणि एका सोमवारी गुलाबी मीडियम (पेशींचं पातळ अन्न) पिवळं पडलेलं, वर बुरशीचा कापूस. संपलं. आईचं म्हणणं, पालीचा शाप लागला.

ते जेलही भारी प्रकरण आहे, उंदराच्या कॅन्सरच्या एका गाठीपासून काढतात, बर्फात पातळ राहतं आणि ऊब लागली की घट्ट होतं, म्हणजे आपल्या जेलीच्या बरोबर उलट. महाग इतकं की हात थरथरतो. त्यात वाढणारी विषग्रंथी म्हणजे जेमतेम मिलिमीटरभराचा गोळा, आतून पोकळ, पेशी विष तयार करतात ते त्या पोकळीत साठतं, आणि ते खऱ्या सापाच्या विषाशी बरंच मिळतंजुळतं निघालं. शिवाय त्यांना दिसलं की ग्रंथीतल्या सगळ्या पेशी सरसकट सगळी विषं करत नाहीत, कामं वाटून घेतलेली असतात. मला तर यातलं हेच सगळ्यात आवडतं, पण शाळेत हे सांगितलं की मुलं जांभया देतात.

आता आजोबांचा दुसरा अर्धा भाग. बाटलीत तयार होतं ते विष. औषध नव्हे! औषध म्हणजे अँटीबॉडीज, विषाला पकडून निकामी करणारी प्रथिनं, त्या घोडा बनवतो, त्याला थोडं थोडं विष वाढवत टोचायचं, मग रक्त काढून त्यातल्या अँटीबॉडीज वेगळ्या करायच्या. गाठ बाटलीत वाढली म्हणून घोडा सुटत नाही. आणि नाग, घोणस, मण्यार, फुरसं यांच्या विषासाठीही जिवंत सापच पुरतो, तमिळनाडूतले इरुला लोक १९७८ पासून सहकारी संस्था काढून साप धरतात, विष काढतात, परत सोडतात. सहकार म्हटलं की कोल्हापूरकरांना लगेच पटतं हे.

मग उपयोग कुठे? माझ्या मते आपल्या चापड्यासारख्या सापांना. राधानगरी-दाजीपूरकडे पावसात झुडपावर बसलेला हिरवागार असतो ना, तोच. भारतातलं इंजेक्शन त्या चौघांच्याच विषावर बनतं, चापडा त्यात नाही. चावल्यावर माणूस सहसा मरत नाही, पण सूज आणि ठणका विचारू नका. अशा सापांना कोण पाळून विष काढत बसणार? एकदा पेशी वाढवून लिक्विड नायट्रोजनमध्ये (अतिथंड द्रवात) गोठवून ठेवल्या की पाहिजे तेव्हा बाहेर काढून विष अभ्यासता येईल, नवी औषधं त्यावर तपासता येतील. आपल्याकडे २००० ते २०१९ मध्ये सर्पदंशाने साधारण १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, वर्षाला ५८,००० च्या आसपास. बहुतेक खेड्यातली. त्यांच्यापर्यंत बाटलीतली गाठ पोचायला वेळ आहे, खोटं कशाला बोलू.

हे सगळं ऐकून आजोबा म्हणाले, "मग तवर काय करायचं?" मी सांगितलं, आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिक तर नाहीच, चावलेला हात-पाय हलवायचा नाही आणि थेट सरकारी दवाखाना. गाडी नसेल तर मोटारसायकलवर पेशंटला मधे बसवायचं, मागे एकाने धरून बसायचं.

आजोबा म्हणाले, "ट्रिबल शीट? आन् पोलिसानं धरलं तर?"