आधी टेप, मग खोका

ठाण्याला नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत आमचं दुकान आहे. सासूबाईंनी ते सुरू केलं तेव्हा तिथे फॉल-पिको, अस्तराचं कापड, मॅचिंग ब्लाउजपीस आणि एका कपाटात आतले कपडे असायचे. त्या कपाटाला दार होतं आणि दाराला कुलूप. गिऱ्हाईक बाई आवाज खाली आणून आकडा सांगायची, सासूबाई खोका काढून वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायच्या, झालं. बऱ्याच जणी 'ब्रा' हा शब्दसुद्धा उच्चारायच्या नाहीत. "छत्तीसची बॉडी द्या", एवढंच.

लग्नानंतर मी काउंटरवर बसायला लागले तेव्हा मला हे खुपायचं. ब्लाउज शिवायला टाकताना बाई छाती, कंबर, मुंढा, बाही अशी सगळी मापं देते, शिंप्याशी अर्ध्या इंचावरून वाद घालते. आणि ज्याच्यावर तो ब्लाउज बसणार, त्याचं माप मात्र अंदाजाने! हा आकडा कुठून आला असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. "आई हाच आणायची." नाहीतर, "लग्नात घेतली तेव्हा हाच होता." मधे दोन बाळंतपणं झालेली असायची.

2016च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि दुकान ओस पडलं. त्या रिकाम्या दिवसांत आमच्या नेहमीच्या एक शिक्षिका आल्या. "नेहमीची 38बी द्या," म्हणाल्या आणि बोलता बोलता खांदा चोळायला लागल्या. मी धीर करून विचारलं, "मॅडम, एकदा टेप लावू का?" मागच्या बाजूला अस्तराच्या कापडाचा पडदा लावला आणि माप घेतलं. छातीच्या लगेच खालचा घेर 30 इंच, छातीवरून 38. खांद्यावर पट्ट्यांनी दोन खोल चऱ्या पाडलेल्या. पाठीमागचा पट्टा वर चढून कमान झालेली.

आमच्याकडच्या कंपनीच्या चार्टप्रमाणे खालच्या 30 इंचात 4 मिळवायचे, म्हणजे पट्टा 34. मग 38मधून 34 वजा. फरक 1 इंच आला तर ए कप, 2 आला तर बी, 3 सी, 4 डी. मॅडमचं माप 34डी निघालं. त्यांचा विश्वासच बसेना, कारण डी म्हणजे फार जाड बाईचा कप अशी समजूत. पण कपाचं अक्षर एकटं काहीच सांगत नाही. पट्टा एक नंबर वाढवला आणि कप एक अक्षर खाली आणला की कपात तेवढंच मावतं. 34डी, 36सी आणि 38बी, तिन्हींचा कप सारखाच भरतो. म्हणजे इतकी वर्षं मॅडमचा कप बरोबर होता, फक्त पट्टा चार इंच सैल. ब्रामधला बहुतेक भार घेराच्या पट्ट्याने उचलायचा असतो. तो सैल असला की सगळं ओझं खांद्यावर येतं.

आणि आता खरी गोष्ट सांगते. त्या दिवशी माझ्याकडे 34डी नव्हतीच. त्याआधी मीही शेकडो जणींना "हा कप नाही, पण एक नंबर मोठी घ्या, चालेल" असं सांगून माल विकला होता. ते "चालेल" त्या बायकांच्या खांद्यांवर वळ होऊन उठत होतं, हे मला पडद्यामागे कळलं. रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या घाऊक व्यापाऱ्याकडे गेले. त्याच्याकडे सेट बांधलेले, 32 ते 40 आणि सगळे बी कप. "डी कोणी मागत नाही," म्हणाला. मागणार कुठून? जिला माहीतच नाही ती मागेल कशी? घरी येऊन वहीत हिशेब मांडला. पट्टे 30 ते 42 म्हणजे सात, कप ए ते डीडी म्हणजे पाच, रंग तीन. एकाच नमुन्याचे 105 प्रकार, प्रत्येकी दोन ठेवले तरी 210 नग. आमच्यासारख्या दुकानाला हे भांडवल अडकवणं म्हणजे जिवावरचं काम. माझी भिशी त्याच महिन्यात लागली होती, ती सगळी त्यात घातली. सासूबाई गप्प होत्या. मग स्वतःच उठून त्यांनी ब्लाउजपीसचं एक कपाट रिकामं करून दिलं. आमच्या ह्यांनी काउंटर सोडला. माल आणणं आणि हिशेब ते बघतात, दुकानात फक्त बायका. आता पडद्याच्या जागी कडी असलेलं दार आहे.

तेव्हापासून नियम एकच: आधी टेप, मग खोका. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक सैल होत जातं तसं आत सरकायला जागा हवी. घातल्यावर पुढे वाकायचं, काखेकडचं अंग हाताने कपात घ्यायचं, मग सरळ उभं राहायचं. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, मूठ नको. दोन कपांच्या मधला भाग छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. दोन्ही हात वर करा, पट्टा सरकला तर माप चुकलं. एक बाजू दुसरीपेक्षा थोडी मोठी असणं अगदी नेहमीचं आहे, तेव्हा माप मोठ्या बाजूचं धरायचं. आणि चार्ट कंपनीगणिक बदलतो. कोणी 4 मिळवतं, कोणी नाही. म्हणून फोनवर नुसता आकडा सांगणाऱ्या बाईला मी अजूनही माल पाठवत नाही.

2020च्या टाळेबंदीत मात्र फोनवरच काम करावं लागलं. घरात टेप नाही म्हणून कितीतरी जणींनी परकराच्या नाडीने घेर मोजला आणि ती नाडी मुलांच्या फूटपट्टीला लावली. व्हिडिओवर मी इकडून "नाडी पाठीवर सरळ धरा, ताई" असं ओरडत असे.

सगळ्यात नाजूक काम म्हणजे स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांचं. परळच्या टाटा रुग्णालयातून उपचार घेऊन परतलेल्या एक काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा ओढणी दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. एका बाजूचं वजन गेलं की खांदा ओढला जातो. म्हणून कपाला आतून कापसाच्या कापडाचा खिसा शिवतो आणि त्यात जवळपास तेवढ्याच वजनाचं भरण बसवतो. हात मागे जात नाही म्हणून हूक पुढे. हे खिसे सासूबाई स्वतः शिवतात, फॉल-पिकोच्या त्याच मशीनवर. या कामाचे आम्ही फक्त कापडाचे पैसे घेतो. काळ्या किंवा तारेच्या ब्राने कर्करोग होतो का, असं भीतभीत विचारणाऱ्या बायका अजून येतात. 2014 साली अमेरिकेतल्या सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्राने पाळी थांबलेल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ब्रा किती तास घातली, तार होती की नव्हती, याचा कर्करोगाशी संबंध आढळला नाही. गाठ लागली तर मात्र डॉक्टरकडेच जायचं, हे मी प्रत्येकीला सांगते.

आणखी एक विनंती. ठाण्याच्या पावसाळ्यात ब्रा टॉवेलखाली लपवून वाळत घालू नका. दमट कापड अंगाला लागून काखेत पुरळ उठतं. मोकळ्या वाऱ्यावर, सावलीत वाळवा.

हल्ली आया मुलींना घेऊन येतात. पहिल्या ब्राच्या वेळी मी आईला बाहेर बसवून मुलीलाच विचारते, "काचतं का गं कुठे?" खरं उत्तर तीच देते.

माप घ्यायला येणार असाल तर दुपारी दोन ते चार गर्दी नसते. ठेवणीतली नवी ब्रा घालून येऊ नका. रोजची, सैल झालेली घाला. ती पाठीवर किती वर चढते, तिथूनच मी सुरुवात करते.