ऊबदार म्हणजे गढूळ नव्हे

गिटार माझ्या दुरुस्तीच्या बाकावर ठेवत ते म्हणाले, "हल्ली मी कॉर्ड वाजवणंच सोडून दिलंय." कॉर्ड म्हणजे अनेक सूर एकदम वाजवणं; जॅझ वाजवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकल्यावर मी हातातलं दुसरं काम बाजूला सारलं.

गिटार पोकळ अंगाची, एफ आकाराच्या छिद्रांची, दोन हंबकरवाली; हंबकर म्हणजे तारांचं कंपन पकडणारा, दोन गुंडाळ्यांचा पिकअप. नेककडचा पिकअप वर्षभरात दोनदा बदलून झाला होता. दोन्ही वेळा त्यांनी मागितलं होतं एकच: ऊबदार आवाज. दोन्ही वेळा आधीपेक्षा दणकट पिकअप बसवून मिळाला होता.

मी वाजवून पाहिली. एकेक तार छेडली की आवाज जाडजूड, भरलेला. पण चार सुरांची कॉर्ड धरली की सगळं कालवल्यासारखं व्हायचं. मेजर की मायनर हे सांगणारा गंधार आणि कॉर्डला तिचा रंग देणारा निषाद, हे दोन्ही मधले सूर नेमके बुडत होते. त्यामुळे हे गिटारवादक बरेच दिवस दोनच सूर धरून वाजवत होते. याचं मला खरंच वाईट वाटलं. वाद्यामुळे वाजवणाऱ्याने आपला हात आखडता घ्यावा, यासारखं दुसरं नुकसान नाही.

मल्टिमीटर लावला. नेकच्या पिकअपचा रेझिस्टन्स १४.६ किलोओहम, आणि आत सिरॅमिक चुंबक. सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीसाठी ज्या हंबकरच्या पेटंटचा अर्ज १९५५ मध्ये केला आणि जो १९५७ पासून गिटारींवर दिसू लागला, त्याचा रेझिस्टन्स साधारण साडेसात ते साडेआठ किलोओहमच्या आसपास असायचा. जुन्या रेकॉर्डवरची जी ऊब आपल्या कानांत बसली आहे, ती अशा सौम्य पिकअपची आहे. नुसत्या किलोओहमवरून आवाज ठरत नाही, पिकअपच्या गुंडाळीत बारीक तार वापरली तरी आकडा वाढतो. पण इथे गुंडाळीचे वेढेही जास्त होते. वेढे वाढले की इंडक्टन्स, म्हणजे विजेच्या बदलाला गुंडाळीचा विरोध, वाढतो, आणि पिकअप व केबल मिळून ज्या कंपनसंख्येवर आवाजाला धार देतात ती खाली सरकते. पाचसहा मीटरची केबल धरली तर सौम्य हंबकरची ती धार तीन हजार हर्ट्झच्या आसपास येते, दणकट पिकअपची पार सव्वादोन हजारांपर्यंत घसरते. त्याच्या वरचा उजेड मालवतो. सूर एकमेकांपासून वेगळे ओळखायला जे लागतं, त्यातलं बरंच काही तिथेच असतं.

लगेच पिकअप काढायचा नाही, हा माझा नेम आहे. आधी उंची पाहिली. शेवटच्या पट्टीवर तार दाबून मोजलं तर सहावी तार पिकअपपासून जेमतेम एक मिलिमीटरवर. तीन मिलिमीटरपर्यंत खाली घेतला, तेव्हा चित्र थोडं निवळलं. मग आरशाने आत पाहिलं तर व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे नॉबखालचा बदलता रेझिस्टन्स, २५० किलोओहमचा निघाला. तो सिंगल कॉइलला, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपला, शोभतो, हंबकरला ५०० लागतो. कोणीतरी वरची धार मारण्यासाठीच तो घातला असणार. ५०० चा पॉट लावल्यावर आणखी सुधारणा झाली. पण जोरात छेडलं काय नि हळू छेडलं काय, उत्तर एकच येत होतं. बोटांची भाषाच पिकअपपर्यंत पोहोचत नव्हती. आता मात्र तो बदलायचाच होता.

जॅझ गिटारवादक जिम हॉल यांच्या गिटारवर होता तसा पी-९० या सिंगल कॉइल पिकअपचा विचारही आम्ही केला. त्याचा आवाज मला फार आवडतो. पण माझ्या गिऱ्हाइकाला दिव्यांच्या गराड्यात वाजवायचं असतं आणि सिंगल कॉइल तिथे गुणगुणतो, म्हणून तो बेत सोडला. राहिले दोन हंबकर: अल्निको २ चुंबकाचा ७.४ किलोओहमचा आणि अल्निको ५ चा ८ किलोओहमचा. पॉट बसवलेल्या एका छोट्या डबीला बाहेरून जोडून दोन्ही आळीपाळीने ऐकवायचे ठरले.

पहिल्यांदा दोन्ही त्यांना फिके वाटले. साहजिक आहे, सौम्य पिकअपचा आवाज मुळात लहान, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच भरदार भासतो. अँपचा व्हॉल्यूम वाढवून जुन्या पातळीला आणला आणि पुन्हा ऐकवलं. मग ते काहीच न बोलता बराच वेळ वाजवत राहिले.

ऊबदार म्हटलं की सगळे अल्निको २ सुचवतात. मीही मनात तोच धरला होता. एकट्या सुरांना तो लोण्यासारखा होता, पण पोकळ गिटारला खर्जाची कमतरता नसते, आणि कॉर्डच्या तळाचा सूर त्यात सैल पडून पसरत होता. अल्निको ५ ने तो तळ आवरून धरला, आणि टोनचा नॉब सहा-सातवर आणला की वरची टोकं गोल झाली. त्यांनीही तोच निवडला.

पोकळ गिटारमध्ये वायरिंग करणं म्हणजे छिद्रातून हात घालून आंधळेपणाने काम. पॉटच्या दांड्यांना दोरे बांधून ते एफ-छिद्रातून बाहेर काढले, सोल्डर करून पुन्हा दोऱ्यांनी जागेवर ओढून घेतले. तारा चढवल्या, दोन्ही पिकअप एकदम ऐकायला स्विच मधल्या जागी टाकला, आणि आवाज नाकात बोलल्यासारखा पातळ! दोन्ही पिकअप उलट्या फेजमध्ये, म्हणजे एकमेकांचा आवाज खोडत होते. हे काट्याच्या मीटरने, पोलवर लोखंड टेकवून, आधीच तपासायला हवं होतं. मी ते केलं नव्हतं, आणि तसं त्यांना सांगितलं. नव्या पिकअपला जाळीची एकच वायर होती आणि ती जाळी धातूच्या कव्हरला जोडलेली, त्यामुळे त्याची टोकं उलटवून चालणार नव्हतं. सुदैवाने ब्रिजच्या पिकअपला चार वायर होत्या. पुन्हा दोरे, पुन्हा छिद्र, त्याच्या जोडण्या उलटवल्या, आणि मधला आवाज भरून आला.

संध्याकाळ झाली होती. त्यांनी गिटार घेतली, मधल्या पट्ट्यांवर चार सुरांची एक कॉर्ड धरली आणि नुसती वाजू दिली. मग फक्त एक बोट हलवून मेजरची मायनर केली. गंधार खाली उतरलेला स्वच्छ ऐकू आला. ते थांबले, तेच पुन्हा केलं. मग मान वर न करता म्हणाले, "सहावी तार अजून जरा जड आहे का?" मी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि त्या बाजूचा स्क्रू पाव फेरा खाली घेतला.