मिनेसोटात वाजणारा फोन

शनिवारी दुपारी साडेचारला, जनावरांच्या दवाखान्याचं दार लावायला अर्धा तास उरलेला असताना, एक गृहस्थ घोंगडीत गुंडाळलेला कुत्रा घेऊन आत आले. कुत्रा त्यांचा नव्हता. हाय जॉली भागातल्या एका कोरड्या ओढ्यात तीन पायांवर लंगडत चाललेला दिसला, म्हणून उचलून आणला होता. करड्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, मध्यम बांध्याचा, कॅटल डॉगचा संकर. वजन भरलं 22 किलो. उजवा पुढचा पंजा चोया निवडुंगाच्या काट्यांनी भरलेला, आणि ते दातांनी ओढायच्या नादात जीभ-हिरड्यांतही काटे रुतलेले.

आमचा दवाखाना ऍरिझोनाच्या पश्चिम टोकाला, कोलोरॅडो नदीच्या बाजूला आहे. उन्हाळ्यात इथे चिटपाखरू फिरकत नाही. जानेवारीत मात्र क्वार्टझसाइट गावाभोवतीचं वाळवंट आरव्हींनी भरून जातं. मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, कॅनडातले निवृत्त लोक बर्फ चुकवायला चाकांवरचं घर घेऊन येतात. जमीन सरकारी, ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटची. ला पोसा भागात परवाना काढून 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल राहता येतं, हाय जॉलीसारख्या बाकीच्या ठरावीक भागांत 14 दिवस. तिथे गल्ली नाही, घर नंबर नाही. 'वाकड्या सोलर पॅनेलवाल्या गाडीच्या पलीकडची' हाच पत्ता, आणि तो दर दोन आठवड्यांनी बदलतो. (हाय जॉली म्हणजे मुळात हाजी अली. 1850 च्या दशकात अमेरिकी सैन्याने उंट आणले तेव्हा त्यांच्याबरोबर आलेला उंटवाला. 1902 मध्ये क्वार्टझसाइटला वारला. गावात त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड आहे आणि टोकावर उंट. नावाचं मात्र लोकांच्या जिभेने जे करायचं ते केलं.)

आधी काटे. चोयाला हात लावायचा नसतो. काट्यांच्या टोकाला उलटे सूक्ष्म दाते असतात, त्यामुळे बोटाने धरलं की बोटालाही चिकटतो. जाड दातांची फणी काट्यांच्या गोळ्याखाली सरकवायची आणि झटक्यात उडवायची, उरलेले सुटे काटे आर्टरी फोर्सेपने, म्हणजे घट्ट धरणाऱ्या चिमट्याने, एकेक, सरळ रेषेत ओढायचे. तोंडातले काटे जागेपणी निघत नाहीत, त्याला गुंगी द्यावी लागते. आणि गुंगी द्यायची तर हा कुत्रा कोणाचा, किती वयाचा, कोणत्या औषधावर आहे, हे कळायला हवं. तोवर फक्त पंजा मोकळा केला आणि ओळखीच्या मागे लागलो.

गळ्यात नायलॉनचा पट्टा, त्यात दोन बिल्ले. एक रेबीजच्या लसीचा: वर्ष, क्रमांक, मिनेसोटातल्या एका दवाखान्याचं नाव आणि फोन. फोन लावला तर ध्वनिमुद्रित निरोप: सोमवारी मार्टिन ल्युथर किंग दिनाची सुट्टी, दवाखाना मंगळवारी उघडेल, तातडी असल्यास अमुक इस्पितळाला फोन करा. त्या इस्पितळाकडे या दवाखान्याच्या नोंदी नसणारच. रेबीजचा बिल्ला हा असा असतो. लस झाली हे तो सांगतो, पण मालकापर्यंत पोचायचं तर मधल्या माणसाला कामावर असावं लागतं. कुत्रे हरवतात ते बहुतेक संध्याकाळी आणि सुट्टीत.

दुसरा बिल्ला हाडाच्या आकाराचा, निळा, ऍल्युमिनियमचा. त्यावर 'गस' एवढं वाचता येत होतं, खालचा नंबर गुळगुळीत झालेला. ऍल्युमिनियम मऊ. शेजारचा बिल्ला दिवसभर त्यावर आपटत राहिला की कोरीव अक्षरं वर्षा-दोन वर्षांत पुसली जातात. टेबलावरचा दिवा आडवा केला, बिल्ल्यावर टाल्कम पावडर चोळली आणि वरवरची बोटाने पुसून टाकली. खाचांमध्ये पांढरं राहिलं आणि नऊ आकडे उठले. दहावा तीन की आठ, ते काही ठरेना. आठ लावून पाहिला, चुकीचा. तीन लावला, आणि उत्तर देणाऱ्या यंत्रावर वयस्कर बाईचा आवाज आला: आम्ही आत्ता फोनजवळ नाही, निरोप ठेवा.

फोनजवळ नाहीत, ते तर दिसतच होतं. बर्फात बंद करून आलेल्या घरात तो फोन वाजत होता, आणि मालक बहुधा आमच्यापासून तीस-चाळीस मैलांवर वाळूत कुत्र्याला हाका मारत फिरत होते. निरोप ठेवला.

मग चिप. पहिल्या फेरीत स्कॅनर गप्प. इथे बरेच जण थांबतात आणि 'चिप नाही' असं लिहून मोकळे होतात. चिप तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण 12 मिलिमीटर लांब. तिला बॅटरी नसते. स्कॅनरच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा झोपते. म्हणून स्कॅनर अंगाला जवळजवळ टेकवून, हळू, नागमोडी फिरवायचा. धातूचा पट्टा किंवा साखळी काढून ठेवायची. टोचतात ती खांद्यांच्या मधे, पण कातडीखालून घसरत खांद्यावर, छातीवर, कोपरापर्यंत जाते. शिवाय अमेरिकेत जुन्या चिपा 125 आणि 128 किलोहर्ट्झच्या आहेत आणि आंतरराष्ट्रीय मानकाच्या 134.2 च्या, तिन्ही वाचणारा स्कॅनर नसेल तर चिप असूनही दिसत नाही. आमचा तिन्ही वाचतो. दुसऱ्या फेरीत डाव्या कोपराच्या वर बीप झाला. पंधरा आकडे.

हा क्रमांक म्हणजे पत्ता नव्हे. आणि चिप म्हणजे जीपीएसही नव्हे, हे आठवड्यातून एकदा तरी कोणाला तरी सांगावं लागतं. अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या शोधपानावर क्रमांक टाकला की तो कोणत्या नोंदणी संस्थेकडे आहे एवढंच कळतं. मालकाचं नाव त्या संस्थेकडे. त्यांची मदतवाहिनी चोवीस तास चालू होती, बाईंनी लगेच शोधलं. चिप सहा वर्षांपूर्वीची, नोंद एका प्राणी-निवाऱ्याच्या नावावर. दत्तक देताना निवाऱ्याने चिपचा कागद हातात ठेवला असणार, आणि नवीन मालकाने नाव बदलून घेतलं नसणार. निवाराही मंगळवारपर्यंत बंद.

हे अपवादाने घडत नाही. अमेरिकेतल्या 53 निवाऱ्यांत आलेल्या चिपवाल्या 7,704 प्राण्यांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. मालक सापडला नाही त्यातल्या 35.4 टक्के प्रकरणांत कारण एकच होतं: नोंदलेला फोन चुकीचा किंवा बंद.

रात्री साडेदहाला गसला फिट आली. आडवा पडून चारी पाय ताठ, मग वल्ही मारल्यासारखे हलायला लागले, लाळ, लघवी. मिनिटभर वाट पाहिली, थांबेना. नाकात मिडाझोलाम हे फिट थांबवणारं औषध दिलं, किलोला 0.2 मिलिग्रॅमच्या हिशोबाने, आणि थांबल्यावर शिरेत सुई लावली. साखर ठीक, कॅल्शियम ठीक. यकृताचं एएलपी हे एन्झाइम मात्र चांगलंच चढलेलं. फेनोबार्बिटाल या अपस्मारावरच्या गोळ्या खाणाऱ्या कुत्र्यात ते चढतं, पण स्टिरॉइडवरही चढतं, कुशिंग या संप्रेरकांच्या आजारातही चढतं. विषबाधा? गोळ्या चुकल्यामुळे आलेली अपस्माराची फिट? रक्तातलं फेनोबार्बिटाल मोजायचं तर नमुना बाहेर पाठवावा लागतो, उत्तर सोमवारनंतर. रात्रभर त्याच्याजवळ बसणं एवढंच हातात होतं.

माझा राग होता तो त्या निळ्या बिल्ल्यावर. हाडाच्या आकारात गंमत होती. 'रोज औषध लागतं' एवढे तीन शब्द त्यात मावले असते.

मालक शोधायचं काम रात्रीच दुसऱ्या वाटेने सुरू केलं होतं. वाळवंटात राहणारा माणूस कुठेही लपला तरी त्याला दोन गोष्टींसाठी बाहेर यावंच लागतं: पाणी भरायला आणि सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायला. दोघं जण बेतानं राहिले तरी आठ-दहा दिवसांत टाकी भरतेच. आमच्या सहायिकेने गसचा फोटो, 'हाय जॉलीजवळ सापडला' आणि दवाखान्याचा नंबर अशा पाट्या छापल्या. ला पोसाच्या डम्प स्टेशनवर (या टाक्या रिकाम्या करायची जागा), गावातल्या डम्प स्टेशनवर, प्रोपेनच्या दुकानात आणि धुलाईघरात लावल्या. फोटोत डाव्या कानावरचा काळा डाग मुद्दाम दाखवला नाही. 'माझाच कुत्रा' म्हणणाऱ्याला विचारायला काहीतरी राखून ठेवायचं असतं.

रविवारी सकाळी आठला एक आजी-आजोबा दारात. आजोबा पहाटे टाकी रिकामी करायला गेले होते. आजींच्या हातात गोळ्यांची बाटली, आणि तोंडातून पहिलं वाक्य: "डॉक्टर, याच्या दोन वेळच्या गोळ्या राहिल्यात." फेनोबार्बिटाल, सकाळ-संध्याकाळ सातला. अशा गोळ्या एकदम थांबल्या की फिट येण्याचा धोका वाढतो. कानावरचा डाग न विचारताच सांगितला. बाटलीवर गसचं नाव, मात्रा, लिहून देणाऱ्या दवाखान्याचं नाव. गोळी दिली, मग तोंडातले काटे गुंगीत काढले.

पळाला कसा, तेही कळलं. त्यांच्या फिफ्थ व्हीलचं, म्हणजे पिकअपमागे ओढायच्या मोठ्या आरव्हीचं, बाहेरचं दार वाऱ्यासाठी उघडं, जाळीचं दार लावलेलं. बाहेरून चारचाकी बग्गी धडधडत गेली आणि गस जाळीवर झेपावला. आरव्हीच्या दाराची जाळी फायबरग्लासची, चौकटीच्या खाचेत रबराच्या दोरीने बसवलेली असते. 22 किलोपुढे ती टिकत नाही, खालच्या कोपऱ्यातून सुटते. त्यावर ऍल्युमिनियमची आडवी जाळी स्क्रूने बसवून मिळते, अर्ध्या तासाचं काम. आजोबा रात्रभर फिरले. मोबाइल खिशात होता, पण त्या ओढ्यात रेंज नव्हती, आणि असती तरी तो नंबर आमच्याकडे कुठे होता?

दाराच्या जाळीइतकाच दुसरा घातक भाग म्हणजे सरकणारी भिंत, स्लाइड-आउट. मांजरं तिच्या यंत्रणेत शिरून झोपतात. बटण दाबण्याआधी प्रत्येक मांजर डोळ्यांनी दिसलं पाहिजे, 'असेल कुठेतरी' चालत नाही. ती प्रकरणं इथे लिहिणार नाही.

उन्हाळ्यात विजेची सोय असलेल्या आरव्ही पार्कमध्ये राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. तीस अँपिअरच्या वीजखांबावर आरव्हीचा एसी, गीझर आणि मायक्रोवेव्ह एकत्र चालले की ब्रेकर पडतो. दुपारी साऱ्या पार्कचे एसी चालू असताना व्होल्टेज 104 च्या आसपास उतरलं की संरक्षक यंत्रही वीज तोडतं. आत कुत्रा, बाहेर 45 अंश. तापमान कळवणारं यंत्र घ्यायचं तर स्वतःचं सिम असलेलं घ्यावं. पार्कच्या वायफायवर चालणारं यंत्र पार्कची वीज गेली की वायफायबरोबरच मरतं, आणि नेमकी तेव्हाच गरज असते.

गस दुपारपर्यंत उठून बसला. तोवर आजींबरोबर मी चिपचं काम हातावेगळं केलं. नाव बदललं, दोन मोबाइल नंबर टाकले, दोन वेगळ्या कंपन्यांचे. तिसरा नंबर मिनियापोलिसच्या लेकीचा. प्रवासात नसलेलं एक तरी माणूस त्यात हवंच. वैद्यकीय रकान्यात 'अपस्मार, फेनोबार्बिटाल, बारा तासांनी'. चिपचा क्रमांक, लशीचं प्रमाणपत्र आणि दोन्ही बाजूंचे फोटो फोनमध्ये, शिवाय कागदावर ग्लोव्ह बॉक्समध्ये. नुसता बिल्ला दाखवून सरहद्दीवर भागत नाही. 1 ऑगस्ट 2024 पासून कुत्रा अमेरिकेत आणायचा तर तो निदान सहा महिन्यांचा हवा, वाचता येणारी चिप हवी आणि सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा) अर्ज भरून पावती हवी. कॅनडाहून थंडीपुरते येणारे 'स्नोबर्ड' आणि पुण्याहून कुत्रा घेऊन येणारे आपले लोक, दोघांनाही हे लागू. भारतातून येणाऱ्या कुत्र्याला रेबीजचे जास्तीचे कागदही लागतात.

आजोबांनी एअरटॅगचं विचारलं. गावात उपयोगी, पण त्याला स्वतःचा उपग्रह नाही. आसपासच्या आयफोनच्या जिवावर तो बोलतो. कोरड्या ओढ्यात आयफोन कोणाचा?

नवीन बिल्ला स्टेनलेस स्टीलचा, पट्ट्यावर सपाट बसणारा. लोंबत नाही, आपटत नाही, एस-कडी उघडून पडत नाही. वरच्या ओळीत 'रोज औषध', खाली दोन मोबाइल. घरचा पत्ता गाळला. पट्टा दोन बोटं जातील इतका आवळला. बिल्ल्याच्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळला आणि त्यावर न पुसणाऱ्या पेनने आजोबांनी स्वतः लिहिलं: हाय जॉली, 26 जानेवारीपर्यंत. गाडी हलली की पट्टी बदलायची.

पट्टा गसच्या गळ्यात घालण्याआधी बिल्ल्यावरचे दहा आकडे वाचत मी माझ्या फोनवरून नंबर लावला. आजोबांच्या खिशात वाजला. दुसरा लावला, आजींच्या पिशवीत.