लिनोकट आत्मचित्र: दुसऱ्या प्रूफपर्यंत

ब्लॉक ए-5 मापाचा, 3.2 मिमी जाड राखाडी लिनो (लिनोलियमचा तुकडा; कोरलेला भाग छापात पांढरा राहतो, न कोरलेला काळा उतरतो). आरशात बघत पेन्सिलने थेट ब्लॉकवर रेखाटन. ट्रेसिंग करून उलटवलेलं नाही. आरशातला चेहरा उलटाच असतो, छापताना तो पुन्हा उलटतो आणि कागदावर उतरतो तो इतरांना दिसणारा चेहरा. भांग दुसऱ्या बाजूला जातो, एक भुवई वर असलेली लगेच खटकते. मोह होतो तो दोन्ही बाजू सारख्या करण्याचा. तो टाळायचा, खटकतं ते अनोळखी असतं, चुकीचं नसतं.

पहिलं प्रूफ (चाचणी छाप) लवकर काढलं: फक्त पार्श्वभूमी आणि डोळ्यांतली चमक कोरून. चेहरा सगळा काळा. सावळ्या रंगाचं आत्मचित्र असेल तर हा क्रम फार महत्त्वाचा. पांढऱ्या कागदावर रेघा काढायची सवय हाताला इतकी असते, की भुवया, ओठ, केस ठेवून गाल आपोआप साफ होतात आणि छापात गोरा माणूस येतो. लिनोत काढलेलं परत भरता येत नाही. म्हणून काळ्यातून उजेडाकडे जायचं. प्रकाश जिथे खरंच पडतो तिथेच कोरायचं.

दुसऱ्या टप्प्यात गालाच्या हाडावर 1 मिमी व्ही-गाउजने (व्ही आकाराच्या धारेच्या कोरणीने), गोलाईच्या दिशेने, साधारण मिलिमीटरभर अंतराच्या रेघा. मुरमांचे डाग रेघांमधले न कोरलेले ठिपके म्हणून ठेवले. हनुवटीवरचा व्रण एकाच फटक्यात; दोनदा गिरवला की तो सजावट वाटतो. डोळ्यांखालच्या सुरकुत्या तशाच राहू द्या. जर्मन चित्रकार आणि छापचित्रकार कॅथे कोलविट्झ (1867–1945) यांची उतारवयातली आत्मचित्रं बघा, थकवा कुठेही लपवलेला नाही.

लिनो गार असेल तर रेघेच्या कडा तुटतात. हेअर ड्रायरने कोमट करून घ्यावा. वळणावर गाउज नाही, ब्लॉक फिरवायचा, दुसरा हात कायम धारेच्या मागे.

शाई तेलाची, थर पातळ. रोलरचा आवाज बारीक सळसळीचा हवा. चटचट आवाज म्हणजे शाई जास्त, बारीक रेघा बुजणार. छापात पांढरे कण दिसले तर शाई किंवा दाब कमी पडलाय. गाल 'उजळ' वाटतोय तो कोरण्यामुळे की या कणांमुळे, हे दुसरी प्रत काढून पाहिल्याशिवाय गाउज उचलू नये. कागद पातळ, जपानी. लाकडी चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासलेला.

नाकाची बाजू आणि वरचा ओठ बाकी. ओठाला बाह्यरेषा देणार नाही, खालची सावलीच त्याला आकार देईल.