मला ‘रंगारी’ म्हणाले होते

२००९ साली गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही औषधाच्या कॅप्सूलवर थर चढवायचे दोन कोटिंग पॅन बसवले, जुनेच, रंगरंगोटी करून. दोन प्लॉट सोडून एकांचं तेच काम. ते आमच्या गिऱ्हाइकांना सांगायचे, "तो काय, रंगारी!"

रंगाऱ्याचा रंग दिसला की काम संपलं. आमचा थर जठरातल्या आम्लात दोन तास तग धरायला हवा आणि पुढे आतड्यात विरघळायला हवा. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आम्ल जास्त तिथं तो कमी. पीएच ६ च्या वर विरघळणारं पॉलिमर, म्हणजे थराचं द्रव्य, लहान आतड्यात सुटतं, ७ च्या वरचं मोठ्या आतड्याच्या आसपास. हल्ली चिप आणि सेन्सरवाल्या स्मार्ट कॅप्सूलचं कौतुक होतं, होऊ दे. औषध कुठं सोडायचं हे आमचा थर बॅटरीशिवाय ठरवतो.

२०१३ चा जुलै मात्र विसरणं नाही. पॅन्क्रियाटिनची बॅच, म्हणजे आम्लात मरणारं एन्झाइम. बाहेर संततधार, हवेतला ओलावा काढणारा डिह्युमिडिफायर बंद पडलेला, आणि मी हट्टानं पाण्यातलं कोटिंग जिलेटिनच्या कवचावर चालूच ठेवलं. थर वाळेना, कवच मऊ पडलं. चाचणीत सहा नळ्यांची बास्केट ३७ अंशांच्या आम्लात वरखाली होत होती. चाळिसाव्या मिनिटाला बीकर गढूळ! टोपी आणि बुड जुळतात त्या सांध्यावरच थर तडकला होता. दोन लाख कॅप्सूल फुकट.

शेजाऱ्यांनी ही बातमी माझ्याआधी सगळीकडे पोचवली. वर आमचा ऑपरेटरही नेला. सहातली चार गिऱ्हाइकं गेली.

ज्यांचा माल बुडाला ते फोंड्याचे भाऊ मात्र रेनकोटातच आले, भिंगातून सांधा पाहिला आणि म्हणाले, "थर बरो आसा. कवच बदल." जिलेटिनच्या कवचात १३ ते १६ टक्के पाणी असतं, एचपीएमसीच्या, म्हणजे वनस्पतीच्या सेल्युलोजपासून केलेल्या कवचात त्याच्या निम्म्याहून कमी. महाग पडतं, पण पाण्याच्या फवाऱ्यात ते तितकं मऊ पडत नाही. चवथीच्या आधी भाऊंची बॅच परत काढली, मजुरी न घेता. दोन तास बीकर नितळ.

नव्यानं धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी: पॅन घेण्याआधी चांगला डिह्युमिडिफायर घ्या. आणि स्प्रे गनचं नोझल रोज स्वतः धुवा, पोरांवर सोडू नका.

डिह्युमिडिफायरसाठी मी तेव्हा एक पॅन विकला. घेतला कुणी, तर शेजाऱ्यांनीच. त्याच्या बेअरिंगचा किरकिराट अजून रस्त्यापर्यंत ऐकू येतो. बेअरिंग बदला म्हणून मी काही सांगितलेलं नाही.