तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ट्रेल्स’ नेमकी कुठून सुरू करायची?

‘ट्रेल्स’ ही जपानी व्हिडिओ गेमची मालिका आवडते असं मी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: तेरा गेम आहेत, सुरुवात कुठून करू? विचारणाऱ्याने बहुतेक वेळा मनात आधीच त्यातला ‘कोल्ड स्टील’ धरलेला असतो. माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. तो मी देत नाही.

जपानमध्ये आले त्याच क्रमाने खेळा. आधी ‘ट्रेल्स इन द स्काय’चे तीन, मग ‘झीरो’ आणि ‘अ‍ॅझ्युर’, मग ‘कोल्ड स्टील’चे चार, त्यानंतर ‘रेव्हरी’, ‘डेब्रेक’चे दोन आणि शेवटी ‘बियाँड द होरायझन’. ‘नायुता’च्या नावातही ट्रेल्स आहे, पण त्याची गोष्ट वेगळी. तो कधीही खेळा किंवा खेळूच नका.

मुळात हा गोंधळ कथेने केलेला नाही, भाषांतराने केला आहे. निहोन फाल्कॉम या जपानी कंपनीने पहिला ‘स्काय’ २००४ साली काढला. तो इंग्रजीत यायला २०११ उजाडलं, दुसरा भाग तर २०१५ मध्ये आला. त्याच वर्षाच्या शेवटी ‘कोल्ड स्टील’ही इंग्रजीत आला. मधले ‘झीरो’ आणि ‘अ‍ॅझ्युर’ जपानमध्ये २०१० आणि २०११ चे, पण अधिकृत इंग्रजीत २०२२ आणि २०२३ मध्ये पोचले. तेही जिओफ्रंट या चाहत्यांच्या गटाने आधी हौसेने केलेल्या भाषांतराच्या आधारावर. तोवर इंग्रजीवर विसंबून असलेले लोक चारही ‘कोल्ड स्टील’ संपवून बसले होते. ‘क्रॉसबेल नंतर केलं तरी चालतं’ हा सल्ला तेव्हाच्या नाइलाजातून आला. नाइलाज संपला, सल्ला मात्र अजून फिरतोय.

क्रॉसबेल म्हणजे ‘झीरो’ आणि ‘अ‍ॅझ्युर’मधलं शहर. एका बाजूला एरेबोनियाचं साम्राज्य, दुसऱ्या बाजूला कॅल्व्हर्डचं प्रजासत्ताक, आणि दोघेही म्हणतात हे आमचंच. इथल्या पोलिसांना मोठ्या माशाला हात लावता येत नाही, कारण त्याच्या पाठीशी यांच्यापैकी कुणीतरी असतंच. लॉइड बॅनिंग्ज हा तरुण पोलीस त्याच गल्ल्यांमधून हरवलेली मांजरं शोधत, तक्रारी सोडवत फिरतो. दोन गेम असे फिरलात की शहर पाठ होतं.

आता ‘अ‍ॅझ्युर’मधली व्यापार परिषद बघा. क्रॉसबेलच्या ऑर्किस टॉवरमध्ये राष्ट्रप्रमुख जमलेत, टॉवरवर हल्ला होतो आणि तुम्ही आत आहात. त्याच दिवशी ‘कोल्ड स्टील’मधली लष्करी शाळेची मुलं एरेबोनियाच्या सरहद्दीवरच्या गॅरेलिया किल्ल्यात आहेत. तिथल्या अजस्र तोफा याच टॉवरवर रोखलेल्या, आणि त्या थांबवायची जबाबदारी मुलांवर. क्रॉसबेल आधी खेळलेल्याला त्या तोफांसमोर कोण कोण उभं आहे ते माहीत असतं. उलट क्रमाने गेलात तर तो नकाशावरचा एक टॉवर असतो, एवढंच. शिवाय ‘कोल्ड स्टील २’ क्रॉसबेलचं पुढे काय झालं ते सांगूनच मोकळा होतो. घटना एकाच काळातल्या आहेत म्हणून आधी ‘कोल्ड स्टील’चे दोन आणि मग ‘अ‍ॅझ्युर’ असंही काहीजण सुचवतात. मला ते अजिबात पटत नाही.

‘पण स्काय फार जुना दिसतो हो.’ ही सबब २०२५ पर्यंत चालत होती. त्या सप्टेंबरात ‘स्काय’च्या पहिल्या भागाचा संपूर्ण नवा रिमेक आला आणि तो देखणा आहे. एकच सावधगिरी: पहिला भाग ऐन मोक्याच्या क्षणी संपतो, तेव्हा दुसरा आधीच घेऊन ठेवा. जुन्या रूपातला असला तरी चालेल, त्या शेवटानंतर चित्रांकडे कुणाचं लक्ष जात नाही.

‘डेब्रेक’पासून सुरू केलं तर? तेरांमधून आडवाटेने शिरायचंच असेल तर ही वाट बरी. देश नवा, नायक व्हॅन आर्कराइड नवा, लढाईची पद्धतही नवी. पण तिथे रेन नावाची हुशार मुलगी भेटेल. तिचं बालपण ‘स्काय’च्या तिसऱ्या भागात एका दारामागच्या आठवणीत ठेवलंय, आणि तिचा पुढचा प्रवास क्रॉसबेलमध्ये आहे. ते दार ज्याने उघडलंय त्याला ‘डेब्रेक’मधलं तिचं साधं हसणंही वेगळं दिसतं. दारामागचं प्रकरण कडू आहे, तरी टाळू नका.

तेरा गेमना वेळ नाही म्हणणाऱ्यांनी ‘स्काय’चे पहिले दोन खेळून थांबावं. एस्टेल आणि जोशुआ या त्यातल्या मुख्य जोडीची गोष्ट तिथे नीट पूर्ण होते. पीसीवर वेग वाढवायचं टर्बोचं बटणही आहे, लढायांत ते खुशाल दाबा. गावकऱ्यांशी बोलताना मात्र दाबू नका. कथेने जरा वळण घेतलं की प्रत्येकाचं बोलणं बदलतं, आणि ‘स्काय’मधल्या लिबर्ल देशात प्रेमासाठी झुरणारा अँटन पुढे क्रॉसबेलमध्येही झुरतच असतो.