सातबाऱ्यापासून सुप्यापर्यंत
आज आठवीला रयतवारी, म्हणजे जमिनीचा सारा (कर) थेट शेतकऱ्याकडून घ्यायची इंग्रजांची पद्धत शिकवली. पुस्तक उघडण्याआधी फळ्यावर एकच शब्द लिहिला: सातबारा. निम्म्या वर्गाचे हात वर! मग सांगितलं, आपल्याकडे जमीन मोजून, तिचा कस पाहून प्रत लावून तीस वर्षांचा सारा ठरवायची पद्धत १८३६ साली इंदापूर तालुक्यात सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे ते अधिकारी.

मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी कधी बोलत नाही, उठून म्हणाली, "सर, पीक बुडालं तरी सारा रोखच भरायचा? मग पैसे आणायचे कुठून?"

याच प्रश्नासाठी मी दरवर्षी हा धडा शिकवतो. पैसे सावकाराकडून. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला भाव आला, तेव्हा कर्जही सहज मिळालं. युद्ध संपलं, भाव कोसळले, नव्या आकारणीत सारा मात्र वाढला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, कर्जरोखे जाळले. "माणसं नाही, कागद जाळले?" एकाने विचारलं. हो, कागदच. कोर्टात तेच तर पुरावा होते.

घंटा झाली तरी कुणी उठेना. यानंतर कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा द्यायला आलेला १८७९ चा कायदा उद्यावर ठेवलाय. खूप दिवसांनी इतकं भरून आलं.